इंजिनावर एकच माणूस

लिलाबाई बैसाणेंना कोणी म्हणालं, की बायांना इंजिनातलं काय कळतं, तर त्या माणसाची त्या दिवशीची चटणी-भाकर गोड लागायची नाही, एवढं नक्की. धुळ्यात स्टेशनामागच्या वस्तीत त्या शिवणकाम करायच्या. पाय मशीनवर, दोरा दातात आणि कान बाहेर. चाळीसगावची पॅसेंजर कोणतं इंजिन ओढत आणतंय, हे दातातला दोरा न काढता सांगायच्या.

वडील चाळीसगावला लोको शेडमध्ये कोळसा वाहायचे. भाऊ डबा घेऊन गेला, की फायरमन त्याला बखोटीला धरून वर घ्यायचा, शिट्टीची दोरी ओढू द्यायचा. लिला डबा घेऊन गेली, की कुठं निघालीस म्हणून फाटकातच अडवायचे. "पोरी, तू कथा चालनी? झगा जळी जाई." जळाला असता तर जळाला असता, झगा बापाचा होता, शेडवाल्यांचा नव्हता. पण तेव्हा हे म्हणायला तोंड नव्हतं. पुढं तोंड आलं, भरपूर आलं. इंजिनावर चढणं तेवढं राहून गेलं.

धुळ्यात एक रेल्वेमित्र मंडळ होतं. अध्यक्ष गिरधर नाना, रिटायर हेडमास्तर. चिटणीस अभिमन पाटील, गळ्यात कॅमेरा. धुळ्याला गाड्या वाढवा म्हणून सह्या गोळा करायच्या, कधी धरणं धरायचं आणि मधल्या वेळात इंजिनांवर गप्पा हाणायच्या, हा मंडळाचा धंदा. सह्या मात्र कोण आणायचं? लिलाबाई. गल्ली-गल्ली त्या फिरायच्या. धरण्याला माणसं कोण आणायचं? तेही त्याच. बाकीचे फलक धरायचे आणि फोटोत पुढं यायचे.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात मंडळाची सहल ठरली. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी बघायची. नानांनी वरच्या साहेबांकडून खास परवानगी काढली होती. जामनेरला गाडी पोचली, की इंजिन डब्यांपासून सुटतं, पाणी घेतं आणि फिरून दुसऱ्या टोकाला लागतं. तेवढ्या वेळात मंडळाच्या एका माणसानं इंजिनावर उभं राहायला हरकत नाही. एकाच. बैठकीत नाना स्वतः म्हणाले, "तो मान लिलाबाईंचा. मंडळ त्यांच्या पायांवर उभं आहे." टाळ्या झाल्या. लिलाबाईंनी त्या दिवशी वस्तीत कोणाला सांगायचं बाकी ठेवलं नाही. एका म्हातारीनं विचारलं, "वर जाईसन काय करशी वं?" तर म्हणाल्या, "उभी राहीन. आजून काय करनं शे?"

रविवारी पहाटे धुळ्याहून निघाले. लिलाबाईंनी जुनी सुती साडी नेसली होती, पदर कमरेला खोचलेला, केसांना रुमाल घट्ट बांधलेला, कोळशाचे कण डोक्यात जाऊ नयेत म्हणून.

"अक्का, कांदे लावाले निंघन्यात का?" अभिमननं टोमणा मारला.

"हा भाऊ. तुमनाच वावरात," लिलाबाई म्हणाल्या. डबा हसला. सकाळ तोवर चांगली होती.

पाचोऱ्याला छोटी गाडी उभीच होती. इंजिन दाव्याला बांधलेल्या म्हशीसारखं फुसफुसत होतं. या चालत्या गाडीतून माणूस खाली उतरतो, विडी पेटवतो आणि पुन्हा तोच डबा धरतो, असं तिकडं म्हणतात. त्यात खोटं फार थोडं. लिलाबाई इंजिनापाशी जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर भिकन भाऊ हात पुसत म्हणाला, "जामनेरला ना अक्का? साहेबांचा निरोप आला आहे." लिलाबाईंनी मान हलवली आणि पदर आणखी घट्ट खोचला.

शेंदुर्णीला घोटाळा चढला. घोटाळ्याचं नाव रुपचंदशेठ. पांढरी सफारी, मागं दोन गडी, त्यांच्या डोक्यावर हिरव्या वांग्यांची पोती, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा भारा आणि भरीत ठेचायची लाकडी बडगी.

"या शेठ, या!" नाना जागेवरून उठले. मग मंडळाकडं वळून म्हणाले, "थंडीचे दिवस आहेत, मंडळी. भरीत पार्टीशिवाय कसली सहल?"

झालं! खान्देशातला माणूस थंडीत अस्थी शिरवायला निघाला तरी वाटेत वांगी भाजेल. इंजिनाचं नाव मागं पडलं. तेल कोणाचं, कांद्याची पात आहे का, कळण्याच्या पुऱ्या थंड झाल्या का, हेच सुरू झालं. पहूर आलं आणि गेलं. कोणी बाहेर डोकावलं नाही. अभिमननं कॅमेऱ्यातली फिल्म वांग्यांवर खर्च केली. लिलाबाई दारात एकट्या उभ्या होत्या आणि आतल्या आत धुमसत होत्या. रेल्वेमित्र म्हणे! यांना बैलगाडीतून आणलं असतं तरी चाललं असतं.

जामनेरला उतरल्याबरोबर स्टेशनाबाहेर लिंबाखाली जाळ झाला. वांगी फुटायला लागली. इंजिन सुटून पाण्याकडं गेलं. लिलाबाई तिकडं निघाल्या, तर नानांनी हाक मारली.

"लिलाबाई, कुठं? बडगीपाशी बाईमाणूस नको का? तेवढं ठेचून फोडणी देऊन टाका."

"नाना, माझं इंजिन सुटेल."

"अहो, ते काय पळून चाललंय? शिवाय..." नाना जरा घुटमळले. "शेठ म्हणत होते, आपण एकदा वर जाऊन बघू. पाहुणे आहेत. वांगी त्यांची, तेल त्यांचं. पुढच्या खेपेला तुमचाच नंबर."

लिलाबाईंनी वळून पाहिलं. रुपचंदशेठ इंजिनाच्या पायरीवर चढत होता. सफारीला कोळसा लागू नये म्हणून पार्श्वभाग मागं काढून चढत होता.

"बैठकीत माझं नाव ठरलं होतं."

"ठरलं होतं हो. पण समजून घ्या ना! आणि बघा," नानांनी आवाज खाली आणला, अगदी मायेनं, "तुमच्या हातचं खायला मंडळात कोणी नाही म्हणत नाही. बाहेर जातीवरून काय चालतं, तुम्हाला माहीत आहे. हे काय थोडं आहे?"

नानांना खरंच वाटत होतं, की आपण मोठं काही दिलं. बाईच्या अंगावर कोणी निखारे टाकले असते, तर ते परवडले असते. तिच्या हातचं खाऊन हे तिच्यावर उपकार करणार आणि त्या उपकाराच्या बदल्यात तिची जागा शेठला देणार! लिलाबाई म्हणाल्या, "नाना, माझ्या हातचं खाऊन तुम्ही मोठे होत असाल, तर आज उपाशी मरा." आणि तरातरा गेल्या त्या थेट रुळात, पाणी घेऊन निघालेल्या इंजिनासमोर.

भिकन भाऊनं करकचून ब्रेक लावला. "अक्का! काय करताय?"

"त्याला खाली उतरव."

"माझ्या हातात काय आहे अक्का? मंडळाचा एक माणूस, असं सांगितलंय. मंडळानं शेठला पाठवलं."

"मंडळाचा? त्यानं मंडळ आज पाहिलं!"

वरून रुपचंदशेठ म्हणाला, "ओ बाई, नानांनी मला सकाळीच सभासद करून घेतलं."

"कशावर? वांग्यांवर?"

मोर्च्यात पोलिसांच्या गाडीपुढं उभी राहिलेली बाई ती. हलली नाही. नाना आले, अभिमन आला, हात जोडून झाले, डोळे वटारून झाले. "मी हालत नही," एवढंच. आणि खरंच, अजून थोडं ताणलं असतं, तर शेठ उतरलाच असता. त्याची सफारी घामानं पाठीला चिकटली होती.

पण डब्यात माणसं होती. परतीची तिकिटं काढून बसलेली, डोकी बाहेर काढून बघणारी. त्यांतली एक बाई खाली उतरून रुळापाशी आली. केसरबाई तिचं नाव, लिलाबाईंच्याच वयाची, हातात बोचकं.

"काय व बाई, भांडण काय हाये?"

लिलाबाईंनी सांगितलं. केसरबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"तुह्यं खरं हाये," ती म्हणाली. "तो मेला उतरलाच पाहिजे. पण तुले इंजिनावर चढायचं, अन् मले पाचोऱ्याले मेल धरायची. ती हुकली म्हंजे रात्रभर फलाटावर. माह्यं काय चुकलं, सांग बरं?"

नानांना उत्तर होतं, शेठला होतं, साहेबालाही दिलं असतं. केसरबाईला काय द्यायचं? आयुष्यभर अशाच बायांसाठी लिलाबाई रस्त्यावर आल्या होत्या. त्या रुळातून बाजूला झाल्या. इंजिन त्यांच्या खांद्याजवळून गेलं, गरम वाफ तोंडावर आली आणि वर शेठनं शिट्टी ओढली. लांबलचक ओढली.

गाडी सुटली. भरीत अर्धंकच्चं बडगीसकट डब्यात आलं. लिलाबाई मंडळाचा डबा सोडून इंजिनाजवळच्या डब्यात केसरबाईशेजारी खिडकीला बसल्या. पहूरला नाना पानावर भरीत घेऊन आले.

"लिलाबाई, राग सोडा. खाऊन घ्या."

"पुढच्या रविवारी धरणं आहे ना, नाना?"

"आहे ना! त्याचंच बोलायचं होतं. माणसं—"

"रुपचंदशेठला सांगा आणायला. सह्याही त्यांच्याकडून घ्या. ते सभासद आहेत."

नानांचा चेहरा पडला. आता कुठं हिशेब डोक्यात शिरला होता. वस्तीतली माणसं आली नाहीत, तर फलाटावर अध्यक्ष, चिटणीस आणि कॅमेरा एवढेच उरणार. ते समोरच्या बाकावर, अगदी खिडकीला टेकून बसले आणि समजावू लागले. मंडळ, गावाचं हित, बारीकसारीक गोष्टी, मोठं मन. बोलणं संपेना.

बाहेर रूळ वळत होते. अशा वळणावर डब्यातून इंजिन पूर्ण दिसतं. चाकं, दांडे, भट्टीचा लाल उजेड, भिकन भाऊचा बाहेर काढलेला कोपर. लिलाबाईंनी मान वाकडी केली. मध्ये नानांचं डोकं.

"नाना, सरका. खिडकी सोडा."

"ऐका तर खरं लिलाबाई, मी काय म्हणतो—"

"सरका म्हणते ना!"

नाना दचकून सरकले. तोवर गाडी सरळ रुळाला लागली होती.