इंटरिम कोचची आई

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सकाळी मी पोहे भिजवत होते आणि मुलाचा फोन आला. सीझन चालू असताना तो रविवारी सकाळी कधी फोन करत नाही. आदल्या दिवशीच्या गेमचे व्हिडिओ बघत बसलेला असतो.

"आई, हेड कोचला काढलं," तो म्हणाला. "आताच मीटिंग झाली. सीझन संपेपर्यंत टीम माझ्याकडे. इंटरिम म्हणून."

"आणि सीझन संपल्यावर?"

"ते नवीन कोच शोधणार. मी पण अप्लाय करतोय."

आवाज अगदी सपाट होता. लहानपणापासून त्याचं असंच. एखादी गोष्ट फार हवी असली की तो ती कंटाळवाण्या आवाजात सांगतो.

आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला राहतो. नवरा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीतून इंजिनिअर म्हणून रिटायर झाला, मी हॉस्पिटलच्या लॅबमधून. दोघंही मूळचे नागपूरचे. मुलगा इथेच जन्मला, इथेच शिकला आणि हायस्कूलमध्ये फुटबॉलच्या टीममध्ये गेला. फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जाऊन आदळायचा. पहिल्याच वर्षी त्याच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. आता सोडेल म्हणून मी मनातून बरीच निवांत झाले होते, पण हात गळ्यात बांधलेला असतानाही तो रोज प्रॅक्टिसला जाऊन कोचच्या शेजारी उभा राहायचा. खेळाडू म्हणून तो बेताचाच होता, हे त्यालाही लवकर समजलं. पण समोरची टीम पुढच्या क्षणी काय करणार हे त्याला आधी दिसायचं. त्यातून तो कोच झाला. या गावात दोन वर्षं, त्या गावात तीन, असं करत मिशिगनमधल्याच एका युनिव्हर्सिटीत डिफेन्सचा कोच म्हणून टिकला होता. आमच्या मंडळींची मुलं डॉक्टर, सॉफ्टवेअरवाली. कुणी विचारलं की नवरा म्हणायचा, "युनिव्हर्सिटीत आहे." समोरच्याला प्रोफेसर वाटलं तर वाटू द्यायचा.

त्या शरद ऋतूत मात्र त्याने असं सांगणं सोडलं. आम्ही प्रत्येक गेमला ड्राइव्ह करून जाऊ लागलो. घरच्या मैदानावर आम्हाला खेळाडूंच्या आईवडिलांच्या बाजूला जागा मिळाली. ॲल्युमिनियमचे गार बाक, मांडीवर ब्लँकेट, थर्मासमध्ये चहा. शेजारी एक बाई बसायची. तिचा मुलगा लाइनमध्ये, म्हणजे धडका घेणाऱ्या पुढच्या फळीत खेळायचा, भिंतीसारखा आडवा मुलगा. ती स्कूल बस चालवायची आणि माझ्याशी पहिल्या दिवसापासून खूप जुनी ओळख असल्यासारखी बोलायची. तीच मला कधी टाळ्या वाजवायच्या ते सांगायची.

पहिला गेम आमची टीम वाईट हरली. लाउडस्पीकरवरच्या माणसाने माझ्या मुलाचं आडनाव असं काही उच्चारलं की नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, हे आपलंच ना, अशा नजरेने. पण नंतर टीम जिंकायला लागली. सगळे गेम नाही, पण जे जिंकू असं कुणी धरलं नव्हतं ते जिंकली. खेळणारी मुलं मैदानातून बाहेर येताना माझ्या मुलाच्या डोक्यावर थाप मारून जायची, आणि तो एवढा मोठा बाप्या, त्यांच्यापुढे बुटका दिसायचा.

"माझा मुलगा म्हणतो, याला ठेवलं नाही तर मी दुसऱ्या कॉलेजला जाणार," ती बाई एकदा म्हणाली. हल्ली खेळाडूंना असं कॉलेज बदलता येतं, वर्ष वाया न जाता. मी हसले, पण मला ते ऐकून बरं वाटलं नाही. एवढ्या मुलांनी माझ्या मुलावर आपलं वर्ष टांगलेलं होतं.

युनिव्हर्सिटीने शोधासाठी बाहेरची एक कंपनी नेमली आणि कमिटी केली. नवऱ्याला तेव्हा एक वेडच लागलं. टीमच्या फॅन लोकांची एक वेबसाइट होती, ती तो दिवसभर वाचायचा. कोणता कोच कुठे जेवताना दिसला, कोणाचं खासगी विमान आपल्या गावच्या विमानतळावर उतरलं, सगळं तिथे. मुलाबद्दलही असायचं. बरेच जण चांगलं लिहायचे. एकाने लिहिलं होतं, मुलांचा लाडका आहे, हुशार आहे, पण टीमचा चेहरा म्हणून डोळ्यांसमोर येत नाही. नवऱ्याने ते मला दोनदा वाचून दाखवलं.

"चेहरा म्हणजे?" मी म्हटलं. "गावोगाव जाऊन लोकांशी बोलायचं असतं, त्या अर्थाने असेल."

"असेल," तो म्हणाला.

शेवटचा गेम झाल्यावर सोमवारी मुलगा घरी आला. बुधवारी मुलाखत होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तो म्हणाला, "तुम्ही दोघं कमिटी. विचारा मला."

मी मला सुचेल ते विचारलं. मुलांच्या अभ्यासाचं काय, दुखापत झाली तर खेळवायचं की नाही हे कोण ठरवणार. तो छान उत्तरं देत होता. कुठल्याशा प्रश्नावर तो उठून उभा राहिला, आणि मला पहिल्यांदा दिसलं की खोलीभर माणसं याचं का ऐकत असतील. मग नवऱ्याने विचारलं, "तुमच्यासारखा माणूस आतापर्यंत कुठे हेड कोच झालाय का?"

"बाबा, हे ते नाही विचारणार."

"तोंडाने नाही विचारणार."

"इट्स नॉट ऑलवेज दॅट, बाबा. मी इथेच वाढलोय. त्यांना जिंकणारा माणूस हवाय, बस."

मग नवऱ्याने ती जुनी गोष्ट सांगितली. मला माहीत होतं, मुलाला नव्हतं. इंजिनिअर झाल्यावर नागपूरच्या एका कारखान्यात त्याची मुलाखत होती. साहेबांनी ड्रॉइंग पुढे ठेवून प्रश्न विचारले, उत्तरं ऐकून खूश झाले, चहा मागवला. मग अर्जावरचं आडनाव पुन्हा वाचलं. मूळ गाव कोणतं, विचारलं. गावात घर कुठल्या बाजूला, ते विचारलं. याने सांगितलं. चहा आला. साहेबांनी आपला कप उचलला, याच्यासमोर कप ठेवायला कुणी शिपायाला सांगितलं नाही. पुढे एकही प्रश्न न विचारता, कळवू, म्हणाले. दुसरा उमेदवार जास्त योग्य वाटला, असं कळवलं.

मुलगा ऐकत होता. त्याने लॅपटॉप हळूच बंद केला.

"हे मला आज का सांगताय?"

"तू तयारीत असावं म्हणून."

"कसली तयारी, बाबा? आता त्यांनी नाही म्हटलं, तर ते कशामुळे म्हटलं हे मला कधीच कळणार नाही. आतापर्यंत मी फक्त एक कोच होतो, यार."

नवऱ्याला 'यार' म्हटलेलं एरवी चालत नाही. त्या दिवशी त्याने ते चालवून घेतलं. मुलगा अंगणात जाऊन पाचोळा गोळा करत राहिला, जो आम्ही माणूस लावून आधीच गोळा केला होता.

मुलाखत चांगली झाली. कमिटीतली माणसं हसली, प्रश्न विचारत राहिली, ठरल्या वेळेपेक्षा जास्त थांबवलं. एवढं त्याने फोनवर सांगितलं. त्यानंतर दिवस जात राहिले आणि काही कळेना.

सहा डिसेंबरच्या कार्यक्रमाला आम्ही दरवर्षी जातो. डेट्रॉइटच्या आसपासची आपली मंडळी एका शाळेचा हॉल घेतात. त्रिशरण, पंचशील झालं, मेणबत्त्या लावल्या, नागपूरहून नुकताच आलेला एक विद्यार्थी बोलायला उभा राहिला. तेवढ्यात नवऱ्याने फोन माझ्यापुढे धरला. बातमी होती. दक्षिणेतल्या एका मोठ्या कॉलेजचा माणूस हेड कोच म्हणून नेमला होता, फोटोसकट. मी फोटोकडे बघितलं. माणूस दिसायला सज्जन होता.

"त्याचा फोन आला?" मी कुजबुजले.

नवऱ्याने नाही म्हणून मान हलवली. शेजारच्या काकूंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही.

फोन संध्याकाळी आला. तो त्या दिवशी ओहायोमध्ये होता. पुढच्या वर्षी कॉलेजला येऊ शकेल अशा एका खेळाडूच्या घरी, सोफ्यावर बसून, त्याच्या आईला सांगत होता की तुमचा मुलगा माझी जबाबदारी. तेवढ्यात त्या खेळाडूच्या मोठ्या बहिणीने फोनवर बातमी वाचली आणि तिने ती मोठ्याने वाचून दाखवली. तिला वाटलं, त्याला माहीत असेल.

"मग तू काय केलंस?"

"कॉफी संपवली. त्यांना सांगितलं, मी आता तुम्हाला कसलाच शब्द देऊ शकत नाही, पण कॉलेज चांगलं आहे. त्या आईने मला निघताना डबा बांधून दिला, आई. ॲपल पाय. कारमध्ये ठेवलाय."

युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागाचा प्रमुख, ॲथलेटिक डायरेक्टर, त्याचा फोन त्यानंतर आला म्हणे. उशीर झाल्याबद्दल त्याने माफी मागितली आणि म्हणाला, निर्णय फार कठीण होता, शेवटी 'फिट' कोण बसतो ते बघावं लागतं.

"फिट," नवरा म्हणाला. तो स्पीकरवर ऐकत होता.

"बाबा, प्लीज. तो माणूस हेड कोच म्हणून खूप जिंकलाय. कागदावर तो माझ्यापेक्षा चांगला आहे. हे पण खरं आहे."

"मी कुठे काही म्हटलं?"

दोघंही खरं बोलत होते, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. त्याने मला काही मदत होत नाही.

नवीन कोचने त्याला भेटायला बोलावलं. नीट वागला, हात धरून बोलला. तुला ठेवायचा विचार आहे, म्हणाला, पण बरीच मुलं सोडून जायच्या गोष्टी करताहेत, तेवढं त्यांना थांबव. माझा मुलगा म्हणाला, मी त्यांना जा म्हणणार नाही, थांबा पण म्हणणार नाही. ज्याने त्याने आपल्या घरच्यांशी बोलून ठरवावं. आठवड्याभरात नवीन कोचने डिफेन्ससाठी आपला जुना माणूस आणला.

मुलांपैकी काही गेली, काही राहिली. भिंतीसारखा तो मुलगा गेला. माझा मुलगाही गेला, पश्चिमेकडच्या एका लहान कॉलेजात, पुन्हा डिफेन्सचा कोच म्हणून. सामान भरायला आम्ही गेलो होतो. नवऱ्याने सगळे खोके नीट टेपने बंद केले आणि मुलाशी हवामानाबद्दल बोलत राहिला. नागपूरच्या त्या मुलाखतीचा विषय दोघांत पुन्हा निघालेला नाही. मी एकदा नवऱ्याला विचारलं, ते नेमकं तेव्हाच सांगायला हवं होतं का. तो म्हणाला, "त्याला माहीत नको का?" मी म्हटलं, "हवं. पण सोमवारी?" मला तो खूप थकलेला दिसला.

या सप्टेंबरमध्ये त्या बस चालवणाऱ्या बाईचा फोन आला. तिच्या मुलाला नवीन कॉलेजात कुणी खेळवत नव्हतं. सगळा वेळ बाकावर. ओळखीचं कुणी नाही, अभ्यासही मागे पडलेला.

"तुमच्या मुलाने त्याला थांब म्हणायला हवं होतं," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली. "त्याने एक शब्द टाकला असता तर माझ्या पोराने ऐकलं असतं."

मी म्हटलं, मला वाईट वाटतं. दुसरं काय म्हणणार होते.

रविवारी मी हे मुलाला सांगितलं. पलीकडे शिट्टीचा आवाज येत होता, मुलं पळत असावीत.

"नंबर तोच आहे ना त्याचा?" त्याने विचारलं. "आज करतो फोन."

"काय सांगशील?"

"माहीत नाही, आई. आधी विचारीन, जेवतोस का नीट."