हिरडीखालचं हसू

सकाळी उशीच्या अभ्र्यावर तांबूस डाग दिसला. बायकोने तो निरखून पाहिला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तुमच्या तोंडातून आलंय हे." दुखत तर काहीच नव्हतं. आरशासमोर जिभेने सहज ढकललं, तर पुढचा दात हलला.

दाताच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. त्यात माझाच जबडा ओठांशिवाय हसत होता. "हाड इथपर्यंत हवं होतं," त्या म्हणाल्या. "मधुमेहात हिरड्या अशा गुपचूप सुटत जातात."

माणूस गेल्यावर जी कवटी उघडी पडायची, ती माझ्या आत आताच वर येऊ लागली होती, आणि मी रोज त्याच तोंडाने जेवत, बोलत, हसत होतो.

त्यांनी हिरड्या खोलवर साफ केल्या. साखर आटोक्यात ठेवायला बजावलं आणि सोबत झिंकच्या गोळ्या लिहून दिल्या.

"याने हाड परत येईल?" मी विचारलं.

"गेलेलं हाड गोळीने येत नाही. जखम भरायला कदाचित थोडी मदत होईल. खरं काम सफाईचं आणि साखरेचं."

काही महिन्यांनी रक्त थांबलं. दातही टिकला. परवा भीतभीत पेरूचा चावा घेतला आणि उरलेली फोड पाहिली. गर पांढराशुभ्र होता. त्यावर दातांची स्वच्छ, खोल रांग उमटली होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण आत्ता हे नक्की कोणी चावलं, मी की एक्स-रेतल्या त्या हसऱ्या जबड्याने, असं वाटून मी फोड हळूच खाली ठेवली.