तबकडीतला बबनराव

हळदीच्या मांडवात शिरल्याशिरल्या आमच्या गावची गाणारी आक्का आधी त्या घरच्या मेलेल्या माणसांची चौकशी करायची. "कोन कोन गेलंय तुमचं? नावं सांगा. बलवायची हायती." मग जात्यापाशी बसून ती देवांना आणि पाठोपाठ त्या गेलेल्यांना नावानिशी गाण्यातून आवतण द्यायची. मोशीत तिच्या आवतणाशिवाय हळद लागत नसे.

माझ्या हळदीत तिनं माझ्या वडिलांना बोलावलं. मी पिंपरीच्या एका कंपनीत कामगार खात्यात कारकून, म्हणजे स्वतःच्या मते निम्मा वकील. चारचौघांत रडणं शोभणारं नव्हतं. तरी "सखारामबाबा, या मांडवाला" ऐकलं आणि पिवळ्या तोंडानं ढसाढसा रडलो.

थोड्याच दिवसांनी मुंबईच्या एका तबकडी कंपनीची माणसं गावात आली. यंत्रापुढे आक्का बावरली. कुणाची नावं घ्यायची ते सुचेना, तेव्हा नुकत्याच झालेल्या हळदीतली, म्हणजे आमच्याच घरची नावं घेऊन मोकळी झाली. तबकडी अशी चालली की दिघीपासून चाकणपर्यंत नवरामुलगा कुणीही असो, हळद मात्र बबनरावालाच, म्हणजे मलाच लागायची! जन्मात इंद्रायणीपलीकडे फारसे न गेलेले माझे वडील परक्या लग्नांची आवतणं घेत हिंडू लागले. शिफ्ट सुटताना कामगार विचारायचे, "काय बबनराव, आज कुणाच्या मांडवात?" मी वरवर चिडायचो आणि आतून फुगायचो.

तबकडीवर आक्काचं नाव मात्र नव्हतं. 'पारंपरिक' असं छापलेलं आणि खाली पेटीवाल्याचं नाव, संगीतकार म्हणून. शिवाय लाउडस्पीकरवाला तबकडी घेऊनच येऊ लागल्यावर आक्काला कोण बोलावणार? एका संध्याकाळी शेजारच्या मांडवातून स्वतःचंच गाणं ऐकत ती ओट्यावर बसली होती. "आवाज माझा, अन् बलावणं तबकडीला," एवढंच म्हणाली.

माझ्यातला निम्मा वकील उसळला. तिला घेऊन पुण्याच्या पूर्ण वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, "कायद्यात गीत लिहिणाऱ्याला हक्क आहे, चाल बांधणाऱ्याला आहे, तबकडी काढणाऱ्याला आहे. नुसत्या गाणाऱ्याला नाही."

"मग कायदाच बदलू!" मी टेबलावर मूठ आपटली. वकिलांचा चहा सांडला. कायद्यावर माझा झालेला परिणाम तेवढाच.

घरी येऊन दिल्लीला अर्ज लिहायला बसलो. अर्जासाठी आक्काला तिचं नाव विचारावं लागलं, कारण तिला आक्काशिवाय काही म्हटलेलं मी कधी ऐकलंच नव्हतं. "हौसाबाई," ती लाजून म्हणाली. "अन् मागतुयास काय?"

"रॉयल्टी. तबकडी खपली की तुझा वाटा."

"वाटा ऱ्हाऊ दे रं. मला पुन्यांदा बलावतील का, त्ये लिव्ह."

ते कुठल्या कलमात बसवावं हे मला कळेना, म्हणून गाळलं. पुढं कितीतरी वर्षं मी अर्ज करत राहिलो. कायदा जागचा हलला नाही. आक्का लग्नांना जायची, पण पाहुणीसारखी मागं बसायची. तबकडी लागली की पदर तोंडाला लावून म्हणायची, "बबन्याला लागली बघ पुन्यांदा हळद!" माझी थोरली मुलगी लग्नाची झाली आणि त्याच वर्षी आक्का गेली. फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

मुलीच्या हळदीला लाउडस्पीकरवाल्यानं सवयीनं तीच तबकडी चढवली. सुई टेकायच्या आत मी ओरडलो, "काढ ती!" त्यानं तबकडी उतरवली. आता गाणार कोण? माझ्यापेक्षा कंपनीचा भोंगा सुरात वाजतो. तरी जात्यापाशी मीच बसलो. देव झाले, वडील झाले. बायको हळूच म्हणाली, "झाली सगळी नावं. थांबा आता."

"एक राहिलंय," मी म्हणालो आणि आवाज लावला, "हौसाबाई, या मांडवाला."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हौसाबाई कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "आपली आक्का," मी सांगितलं. तशी एका म्हातारीनं माझ्या तोंडची ओळ काढून घेतली आणि सुरात लावली, मग सगळ्यांनीच उचलली. अर्जांपायी मला एक नाव कळलं होतं, माझ्या सगळ्या वकिलीची कमाई तेवढीच. पण आक्काला बलावणं गेलं.