चहा येईपर्यंत रीएन्ट्री

ओमानात वाळू आणि किस्से कितीही झाडा, घरात साठतातच! त्यातले निम्मे किस्से मस्कतजवळ सीबला साठ्यांच्या हॉलमध्ये, शुक्रवार दुपारच्या पोकरचे.

पैसे लावायचे नाहीत, म्हणून राजमा. माणशी वीस दाणे. दाणे संपले की आणखी वीस घेऊन पुन्हा खेळात शिरायचं, म्हणजे रीएन्ट्री, पण फक्त चहा येईपर्यंत. हा कायदा रत्नागिरीच्या हमीदभाईंचा. सीबच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्यांचं दुकान होतं. कप टेबलाला टेकला की ते ओरडायचे, "चाय आली, खलास!"

पुण्याचे देशपांडे एकदा पहिल्याच डावात भरपूर जिंकले. लगेच पिशवीतून थर्मास काढून म्हणाले, "चहा आला. रीएन्ट्री बंद!"

हमीदभाई थंडपणे म्हणाले, "भायेरची चाय चालत नाय."

यजमान साठे नेमके उलट. चहाआधी कसलीही पानं येवोत, सगळे दाणे पुढे! "आत्ता मेलो तर पुनर्जन्म आहे," म्हणायचे. एकदा सहा वेळा मेले. राजम्याचा डबाच रिकामा झाला! शेवटी त्यांच्या बायकोनं, मीनावहिनींनी, उसळीसाठी भिजवलेला राजमा काढून दिला. साठे ओल्या राजम्यावर खेळले आणि तोही हरले.

मी मात्र शहाणा! निझव्याहून दीड तास गाडी हाणत यायचो आणि चहापर्यंत एक दाणा हलवायचो नाही. एकदा चहा आला, मला तीन राण्या आल्या, मी वीसच्या वीस पुढे लोटले. देशपांड्यांकडे तीन राजे! माझा चहा अजून गरम होता.

पण एका मे महिन्यात गंमत वेगळी होती. हमीदभाईंनी बक्षीस म्हणून गावाहून हापूसची पेटी आणली होती. एकच. वहिनींना सहावा महिना आणि डोहाळे हापूसचे! पेटी जिंकणारच, असा साठ्यांनी सकाळीच बायकोला शब्द दिला होता.

साठे हरले. पुन्हा हरले. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "गॅस संपलाय. चहाला उशीर होईल."

साठे तिसऱ्यांदा शिरले आणि हरले. आता मलाच वाईट वाटायला लागलं.

वहिनी पदर खोचून आल्या. "उठा. ही रीएन्ट्री माझी. तुम्ही चहा टाका."

साठे उठून आत गेले. लगेच आतून आवाज आला, "अगं, गॅस तर आहे की!"

पानांवरून नजर न काढता वहिनी म्हणाल्या, "मग करा. पण सावकाश."

पाच डावांत टेबलावरचा सगळा राजमा वहिनींपुढे! चहा अजून यायचा होता. रीएन्ट्री उघडीच होती. पण देशपांड्यांनी डब्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं आणि हमीदभाई पेटीची दोरी सोडायला लागले.

साठे ट्रे घेऊन बाहेर आले, तेव्हा वहिनींचा दुसरा आंबा चालू होता!