खाडीत धुतलेली फटफटी

जुनी फटफटी ठेवावी की भंगारात घालावी, हे विचारायला अजून लोक माझ्याकडे येतात. मोबाईलवर फोटो दाखवतात. फोटोवरून मी काही सांगत नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, पण लोखंड मला कळतं. गाडी घेऊन या म्हणतो. आली की टाकी उतरवतो आणि खालच्या सांध्यात बोट घालतो. वरून रंग कुणीही मारतं.

बायको होती तोवर चहा आणायची आणि पाहुण्याला सांगायची, "यांना काय विचारता? यांना सगळ्याच ठेवाव्याशा वाटतात." ते खोटं होतं. मी फार थोड्या ठेवा म्हणतो. गेल्या पावसाळ्यात ती गेली. आता चहा मीच करतो, लोक कपात ठेवून जातात.

दुसरी मोठी लढाई संपली तेव्हा मी पोरसवदा, कल्याणला एका शेडमध्ये कामाला लागलेलो. लष्करानं काढून टाकलेला, डिस्पोजलचा माल तिथं ढिगानं यायचा. त्यात फटफट्या तीन जातीच्या. एक अमेरिकन, दोन सिलिंडरची. तिला आम्ही म्हैस म्हणायचो; बसायला गादी, पण पेट्रोल प्यायची म्हशीसारखीच. दुसरी वरच्या वॉल्व्हची, चपळ, दिसायला नवरीसारखी, पण तिचा एक पार्ट मोडला की मुंबई पालथी घातली तरी मिळायचा नाही. तिसरी बाजूच्या वॉल्व्हची, एका सिलिंडरची. मळकी, जड, चढावर रडणारी. तिला रेडा म्हणायचो. पण ढिगात निम्मे रेडेच होते. एकाचं काढा, दुसऱ्याला बसवा.

शेड बंद करताना शेठ म्हणाला, "एक घेऊन जा. कुठलीही."

मी रेडा घेतला. सोबतचे फिटर हसले. "अरे, म्हैस सोडून रेडा कोण पाळतं?"

मी म्हटलं, "जिचे भाऊबंद जास्त, ती जगते." आजही माझं तेच म्हणणं आहे. देखणी ठेवू नका, गोतावळ्याची ठेवा. आणि खारी हवा लागलेली कुठलीच घेऊ नका. मीठ एकदा सांध्यात शिरलं की वरून कितीही रंगवा, आतून पोखरतंच.

तो रेडा मी सुटा करून नट न् नट पुन्हा जुळवला. नौपाड्यात एक गाळा ठरवलेला, दिवाळीच्या पाडव्याला उघडायचा. पाटीला पैसे नव्हते. मेकॅनिकची स्वतःची गाडी दारात उभी, तीच त्याची पाटी. तिनं किक घेतली तर गिऱ्हाईक येणार, नाही तर पुन्हा कुणाच्या तरी शेडमध्ये नोकरी.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं. सासर माजिवड्याच्या पलीकडे, खाडीला लागून. पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावरची माणसं. पहिला दसरा, जावयानं यायलाच हवं. बायकोला मागं बसवून मी गेलो. गाडी चिंचेखाली लावली, जेवलो, ओटीवर आडवा झालो.

उठलो तर चिंचेखाली गाडी नाही.

खाडीकडून हसण्याचा आवाज येत होता. गेलो. भरतीचं पाणी गुडघ्याइतकं, त्यात माझा रेडा उभा. दोन मेहुणे हँडल धरून, सासरे नारळाच्या काथ्यानं टाकी घासतायत. त्यांच्याकडे दसऱ्याला मिठाच्या गाडीचे बैल खाडीत धुऊन, मग कुंकू लावून पूजत. जावयाच्या गाडीला बैलांपेक्षा कमी मान कसा द्यायचा?

"या, जावयबापू!" सासरे ओरडले. "लई मलली होती गारी. बगा कशी चकचकतंय!"

पहिल्या सणाला सासऱ्याला काय बोलणार? मॅग्नेटो पाण्याखाली होता. ठिणगीची वीज तिथंच तयार होते. माझा पाडवा खाडीत बुडालेला मी उभ्यानं बघत होतो.

मागून बायको आली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. भावांना गाडी वर ओढायला लावली आणि घरात गेली. आली ती डोक्यावर हंडा घेऊन. त्या गावात विहीर खारी. पिण्याचं पाणी बायका लांबून आणायच्या, सणाचं म्हणून पहाटेच भरून ठेवलेलं. तिनं तो हंडा गाडीवर ओतला. मग दुसरा आणला.

सासू धावत आली. "अगो, पियाचा पानी गारीवर वततंस? येरी झालीस का? आता जावयाला भात काय खारीच्या पान्यात शिजवू?"

"शिजव. मीठ टाकाची कटकट नाय," ही म्हणाली.

सासऱ्यांचं तोंड उतरलं. "पोरी, आमी मान दिला."

"बाबा, तुमच्या बैलाला खारा चालतं. याला नाय चालत."

पाणी ओतून झालं की ती सांध्यावर बोट फिरवायची आणि जिभेला लावायची. "अजून हाय." पुन्हा पाणी. मिठागरावरची पोर, मीठ कुठं राहिलं ते तिला जीभ सांगायची. घरातले सगळे हंडे पालथे झाले तेव्हा म्हणाली, "गेला." आणि रिकामे हंडे घेऊन पाण्याला निघाली. दोघे मेहुणे न सांगता तिच्या मागे गेले. मी मॅग्नेटो उतरवून चुलीशेजारी वाळत ठेवला. रात्री जेवायला उशीर झाला.

पाडव्याला नौपाड्यात गाळ्यासमोर किक मारली. नुसती खोकली. रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबून बघायला लागले. पुन्हा मारली, तेव्हा धरली. त्या थांबलेल्यांतला एक दुसऱ्याच दिवशी आपली गाडी ढकलत घेऊन आला.

पुढच्या दसऱ्याला सासऱ्यांनी ओटीवर एक हंडा झाकून वेगळा ठेवलेला. कुणी हात लावला की ओरडायचे, "तो जावयाच्या गारीचा हाय!" ते होते तोवर तो हंडा चुकला नाही. नंतर हे काम बायकोनं घेतलं, नळ आला तरी. गाडी धुवायची, बोट फिरवायचं, जिभेला लावायचं.

रेडा अजून आहे. घेणारे येतात, मी देत नाही. परवा दसरा झाला. मी धुतला. नळाचं पाणी गोडच. तरी टाकीखाली बोट फिरवून जिभेला लावलं. खारट काही लागलं नाही. मग कुंकू लावलं.