पैनगंगेतले पाच गोटे

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्रकल्प म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायला घरी कोणी नव्हतं. बी.एस्सी.ला माझं गणित होतं. सरांनी वाढीचं एक समीकरण दिलं. एखादी गोष्ट आज किती आहे आणि तिच्यासाठी जागा किती उरली आहे, या दोन्हींवर तिची वाढ ठरते, असं ते समीकरण सांगतं. अरेषीय असूनही त्याची अचूक उकल निघते. अशी समीकरणं थोडीच, असं सर म्हणाले. उकल मी वहीत काढली. पण खऱ्या आकड्यांशी ती जुळवून दाखवल्याशिवाय सर सही करणार नव्हते, आणि सहीशिवाय मी पास होणार नव्हते.

आकडे नदीतून आणायचे होते. पाण्यातल्या दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर चढतो, तो अतिसूक्ष्म शेवाळाचा. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी काचेच्या होडीसारखी दिसते. हे काम प्रकल्पातल्या माझ्या जोडीदारणीचं होतं; ती मुधोळची, वनस्पतीशास्त्राची. पण त्याच वर्षी आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, मुधोळ निर्मल जिल्ह्यात गेलं, आणि तिने प्रवेश बदलून निर्मलला घेतला. जाण्याआधी दोन दुपारी बसून तिने मला पेशी मोजायला शिकवलं.

आमचं गाव भीमपूरजवळ, पैनगंगेच्या काठी. पाऊस सरून पाणी नितळ झालं तसे मी पाच गोटे निवडले. दात घासायच्या जुन्या ब्रशाने नखाएवढी जागा खरवडायची, बाटलीत भरायची, बसने आदिलाबादला न्यायची. तीन आठवडे मोजलं. दर वेळी आकडा जवळपास तोच. सर म्हणाले, हे दगड आधीच भरलेले आहेत, वाढ संपलेली आहे. सुरुवात कुठे आहे? मग त्यांनी गोटेच बघायला आणायला सांगितले.

संध्याकाळी गोटे बादलीतून आणून ओट्यावर ठेवले. सकाळी पाहते तर पाचही चकचकीत. आईने राख आणि काथ्या लावून घासले होते.

"कालेजात असे घाण गोटे नेतं का? सर म्हनतीन, यांच्या घरी पानी नाही का?"

मला रडूच आलं. आई गोंधळली, तिने तर माझी लाज राखली होती. तेच गोटे घेऊन मी सरांपुढे उभी राहिले आणि चाचरत सगळं सांगितलं. पाचही एकाच वेळी घासले का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. सर इतके हसले की शेजारच्या वर्गातून कोणीतरी डोकावलं. मग म्हणाले, जा, नदीत परत ठेव, आणि आजचा दिवस शून्य धर.

आईला हे कळल्यावर जागा तिनेच निवडली. धुणं धुवून धुवून कुठला दगड लवकर निसरडा होतो, हे तिला पाठ होतं. मी कॉलेजात असताना ती गोट्यांवर नजर ठेवायची, बायकांना साबण प्रवाहाच्या खालच्या बाजूला वापरायला लावायची. एकीने टोमणा मारला, "काऊन व, आता गोटे राखून राह्यली?"

"तू म्हशी राखतं, मी गोटे राखतो," आई म्हणाली.

एक दिवसाआड मी मोजत गेले. आधी पेशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, मग दुप्पट, मग इतक्या की बोटाने खूण धरून मोजावं लागे. पुढे वाढ मंदावली, थांबली.

आलेखावर ठिपके मांडून मी उकलीतून निघालेली रेघ त्यांच्यावरून काढली. ठिपके रेघेला लागून बसत गेले. फक्त सहावा खाली राहिला. सरांनी त्यावर पेन्सिल ठेवली. त्या दिवशी गोट्यांवरून म्हैस गेली होती, असं मी भीत भीत सांगितलं. तेच लिही, असं म्हणून त्यांनी सही केली.

बाहेर आले तर आमचा वर्ग रिकामा होता. मी खडू घेतला आणि ती रेघ फळ्यावर पुन्हा काढली, चांगली मोठी, वही न उघडता.