लोखंडी कढई आणि माझं रक्त

माझं हिमोग्लोबिन नऊवर आलं, तेव्हा सगळ्यात आधी झडती झाली ती माझ्या बायकोच्या स्वयंपाकघराची. कर्जतहून आत्या आली, चहासुद्धा न घेता ओट्याशी गेली आणि एकेक डबा उघडून बघायला लागली. नाचणी आहे का? आहे. खजूर? आहेत. मग गूळ असा पिवळा का, काळा का नाही? सगळे डबे भरलेले निघाले तरी तिचं समाधान होईना. शेवटचं झाकण लावत ती म्हणाली, "डबे भरलेले असून काय उपयोग? ताटात पडायला हवं ना! अगं, माझ्या भाच्याला घालतेस तरी काय तू?"

बायको डबे पुन्हा जागेवर लावायला लागली. आई उठली, माळ्यावरून तिच्या सासूची लोखंडी कढई काढली, चिंचेने घासली आणि ओट्यावर ठेवून दिली. आईची बोलायची पद्धत ही अशी आहे.

मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. वाचत म्हणजे तोंडासमोर धरून बसलो होतो.

कारण रक्त कुठे जातंय ते मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी पनवेलच्या पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून सांगितलं होतं, मोठ्या आतड्याला सूज आहे, जखमा आहेत, याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. कायमचा जाणारा आजार नाही, पण औषधांनी शांत ठेवता येतो. तो मध्येच चवताळला की दिवसातून आठ-आठ वेळा जावं लागतं आणि रक्त पडतं. आता हे घरात सांगायचं कसं? आमचं घर खोपोलीतलं जुनं, शिक्षक-वकिलांचं. आमच्याकडे पोट बेंबीपाशी संपतं, त्याखाली काही असतं हे कुणी मान्यच करत नाही. मी "ॲसिडिटी आहे" असं सांगून मोकळा झालो आणि बायकोला बजावलं, आईला यातलं अक्षर कळता कामा नये. ती "बरं" म्हणाली, आणि तिने ते पाळलं.

मग सल्ल्यांचा मारा सुरू झाला. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी बीट. बिटाचा रस, बिटाचे पराठे, बिटाचा हलवा, आणि प्रत्येकाखाली बायकोला उद्देशून, "हे करून बघ गं." आतडं पेटलेलं असताना बिटाची कोशिंबीर खाऊन बघा एकदा! शिवाय बीट खाल्लं की नंतर सगळं लालच दिसतं. त्यात बीट किती आणि मी किती, हे कसं ओळखायचं?

मी साजगावच्या एका पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. भट्टीतल्या पोलादाचे नमुने तपासायचे आणि त्यात काय किती आहे ते सांगायचं, हे माझं काम. भट्टीच्या मजल्यावर जायला एक उभा जिना आहे. पूर्वी मी तो बोलत बोलत चढायचो. आता मध्ये दोनदा थांबून बुटाची नाडी बांधल्याचं नाटक करत होतो. एक सहकारी म्हणाला, "साहेब, एवढं लोखंड पडलंय इथं, एखादी सळई चघळा की." दुसरा म्हणाला, "रक्त कमी होणं हे बायकांचं असतं ना? वहिनी डब्यात देतात तरी काय?" फिरून गाडी तिच्यावरच.

खोपोलीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी फक्त अशक्तपणा सांगितला. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यांचा काय दोष? त्या गोळ्यांनी पोटात असा पीळ पडायचा की मी संडासात भिंतीला डोकं टेकून बसायचो. त्यात शौचाला काळं व्हायला लागलं, म्हणजे रक्त पडतंय की थांबलंय तेही धड कळेना. चार महिने मी हे रेटलं. पनवेलला जायचं टाळत राहिलो, कारण तिथले डॉक्टर खोदून खोदून विचारतात.

शिळफाट्याला आम्ही पालेभाजी घेतो ती डोंगरातल्या वाडीवरून येणाऱ्या एका म्हातारीकडून. त्या पावसाळ्यात बायको एक दिवसाआड तिच्याकडे जायची. एकदा मीही बरोबर होतो. म्हातारीने जुडी तिच्या हातात दिली आणि माझ्याकडे मान वर करून बघितलं. "येवडी भाजी नेतेस गं, पन ह्यो खातो का नाय? पार पांढरा पडलाय." मग मलाच, भर बाजारात, "काय रं दादा, खालून रगत जातंय का तुझं?"

चार माना वळल्या. "नाय गं, काय नाय," मी म्हणालो. बायको खाली मान घालून पिशवीत जुडी कोंबत राहिली. घरी पोचेपर्यंत मी म्हातारीच्या नावाने बोटं मोडत होतो. काही बोलायची पद्धत! सगळ्या पंचक्रोशीत एकाच माणसाने नेमकं विचारलं होतं आणि मी तिच्यावरच चिडलो होतो.

हिमोग्लोबिन साडेसातावर आलं तेव्हा मुकाट पनवेलला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा?"

"दोन-तीनदा."

"रक्त?"

"क्वचित."

शेजारच्या खुर्चीवरून बायको म्हणाली, "आठ वेळा. रक्त रोज. पाच महिने झाले."

मी डोळे वटारले. तिने ते बघितले आणि शांतपणे म्हणाली, "आईंना सांगू नको म्हणाला होतात. डॉक्टरांना नको असं म्हणाला नव्हतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, अंगात सूज एवढी पेटलेली असताना गोळीतून गेलेलं लोह शरीर नीट आत घेत नाही. जे पोटात उरतं ते उलट त्रास देतं, आणि रोज रक्त जातंय ते वेगळंच. गोळ्या बंद करायच्या, सूज उतरवायचं औषध बदलायचं आणि लोह शिरेतून द्यायचं. मग बायकोकडे वळून म्हणाले, "तुमच्या स्वयंपाकाचा यात काही संबंध नाही हं." तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, हसतेय. ती रडत होती. आणि खरं सांगतो, मला त्याचाही रागच आला. डॉक्टरांसमोर काय हे!

आठवड्याच्या अंतराने दोनदा सलाईनमधून लोह दिलं. कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. संपल्यावर अर्धा तास नुसतं बसवून ठेवलं, काही त्रास होतोय का ते बघायला. घरी सांगितलं, ताकदीचं सलाईन होतं. नव्या औषधाने जाणं आटोक्यात आलं, दोन महिन्यांत हिमोग्लोबिन साडेअकरावर गेलं, आणि एके दिवशी मी भट्टीचा जिना बोलत बोलत चढून गेलो. वर पोचल्यावर ते लक्षात आलं.

त्या रविवारी आत्या जेवायला आली. माझा रंग बघून खूश झाली. भाजी वाढून घेत बायकोला म्हणाली, "बघ! शेवटी लोखंडी कढईत करायला लागलीस, तेव्हा अंगाला लागलं. हेच आधी केलं असतंस तर पोराचे एवढे हाल झाले नसते."

बायकोने तिला पोळी वाढली, मला वाढली, वर तूप घातलं. चेहऱ्यावर काही नाही. इतकं काही नाही की मला तो चेहरा बघवेना. एवढे महिने मी बिटावर चिडलो, आत्यावर चिडलो, त्या म्हातारीवर चिडलो. आणि हिला सगळ्यांच्या पुढ्यात उभी करून स्वतः पेपराआड बसलो होतो. लाज वाटली मला.

"आत्या, जेवणात कधीच काही कमी नव्हतं," मी म्हणालो. "मला संडासातून रक्त जातं. तीन वर्षं झाली. हिला मीच बोलू दिलं नाही."

"शी! जेवताना काय हे?" आत्याचा हात ताटावर तसाच राहिला.

आई आमटी भुरकत होती. तिने वाटी खाली ठेवली.

"वन्सं, तुमच्या भावालाही जायचं," ती म्हणाली. "मूळव्याध म्हणायचे. कुणाला सांगशील तर बघ, अशी शपथ घातली होती. ते जाईपर्यंत कुणाला कळू दिलं नाही मी."

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. आई मात्र बायकोकडे बघत होती.

"तेव्हा सासूबाईंनी ही कढई आणून माझ्यापुढे ठेवली," ती म्हणाली. "आणि मी ती माळ्यावरून काढून तुझ्यापुढे ठेवली."